भाडं चौरस फुटाचं, साठवण घनफुटाची : गोदामातले पॅलेट कसे रचायचे, हे फोर्कलिफ्ट का ठरवते?

कोपरखैरण्यातल्या बोनकोडे गावातून बाहेर पडून ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की पावणे, महापे, तुर्भे असा एमआयडीसीचा पट्टा लागतो. राजकारणाच्या बातम्यांत बोनकोडे हे नाव येतं ते मंत्री गणेश नाईक यांचं गाव म्हणून. पण या गावाच्या आजूबाजूला एक वेगळी उलथापालथ बरीच वर्षं चालू आहे. रसायनं, औषधं आणि इंजिनीअरिंगच्या कारखान्यांसाठी वसवलेल्या या पट्ट्यात आता गोदामं, शीतगृहं आणि डेटा सेंटर वाढत आहेत. जवळच तुर्भ्याला कृषी उत्पन्न बाजार समितीची घाऊक बाजारपेठ, खाली उरणला जेएनपीए बंदर आणि आता नवी मुंबईचा विमानतळ. बंदरातून २०२४-२५ या वर्षात सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात ७३ लाख कंटेनर हाताळले गेले. विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला उड्डाणं सुरू झाली आणि पहिल्या टप्प्यातच वर्षाला पाच लाख टन मालवाहतुकीची सोय तिथे आहे.

हा सगळा माल कुठे ना कुठे काही दिवस थांबतो. तो थांबतो त्या जागेचं भाडं वाढत चाललं आहे, आणि म्हणून एरवी कुणीच चर्चा करणार नाही असा एक प्रश्न इथल्या गाळेवाल्यांना रोज पडतो. पॅलेटवरचा माल रचायचा कसा?

"गोदाम फुल झालं" असं मालक म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा जमीन फुल झालेली असते. मान वर करून पाहिलं तर मालाच्या वर पत्र्यापर्यंत दहा-बारा फूट नुसती हवा असते. भाडं मात्र त्या हवेसकट दिलं जातं. गोदाम चौरस फुटांवर भाड्याने मिळतं आणि वापरायचं असतं घनफुटांत. रॅक विकणारा नेमकं इथेच बोट ठेवतो आणि म्हणतो, "साहेब, याच जागेत तिप्पट पॅलेट बसवून देतो."

बसतातही. प्रश्न ते बाहेर कसे निघणार, हा असतो.

थप्पी : सगळ्यात स्वस्त आणि वाटते तितकी वाईट नाही

रॅक न घेता पॅलेटवर पॅलेट ठेवणं, म्हणजे आपली साधी थप्पी. खर्च शून्य. खतांच्या, साखरेच्या किंवा प्लास्टिक दाण्यांच्या गोण्या, शीतपेयांचे क्रेट, अशा एकाच प्रकारच्या आणि भराभर हलणाऱ्या मालासाठी आजही थप्पीला तोड नाही. फोर्कलिफ्टवाल्याला रॅकचे खांब चुकवावे लागत नाहीत, त्यामुळे काम झपाझप होतं.

अडचण दोन ठिकाणी येते. खालच्या पॅलेटवरचा माल वरचं वजन पेलणारा हवा. पुठ्ठ्याची खोकी कोरड्या दिवसांत तीन थर सहज पेलतात, पण जुलैच्या दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो आणि तीच थप्पी एका बाजूला कलू लागते. नवी मुंबईत पावसाळ्यात थर कमी करावा लागतो, हे अनुभवी गोदाम सुपरवायझरला सांगावं लागत नाही. मुंबईबाहेरच्या हेड ऑफिसात बसून आराखडा काढणाऱ्याला मात्र सांगावं लागतं. दुसरी अडचण म्हणजे मागचा माल काढायचा तर पुढचा हलवावा लागतो. दहा प्रकारचा माल असेल तर थप्पी चालते. दोनशे प्रकारचा असेल तर दिवसभर नुसती हलवाहलव होते.

रॅक निवडताना खरं तर गल्ली निवडली जाते

सर्वांत जास्त दिसतो तो सिलेक्टिव्ह रॅक. खांब, आडवे बीम आणि समोर गल्ली. कुठलाही पॅलेट केव्हाही काढता येतो, ही त्याची ताकद. पण प्रत्येक रांगेसमोर फोर्कलिफ्ट वळेल एवढी गल्ली सोडावी लागते, आणि ही गल्ली किती रुंद असावी हे रॅक ठरवत नाही, फोर्कलिफ्ट ठरवते.

साधा हिशेब करून पाहा. भारतात सर्रास वापरला जाणारा पॅलेट १,२०० बाय १,००० मिलिमीटरचा असतो. तो रॅकमध्ये १.२ मीटर खोल बसतो. गल्लीच्या दोन्ही बाजूंना एकेक रांग धरली तर माल व्यापतो २.४ मीटर. आता मधली गल्ली.

नेहमीची काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट, म्हणजे मागे वजन आणि पुढे काटे असलेली, वळायला साधारण ३.५ ते ४ मीटर मागते. ३.६ धरले तर एकूण सहा मीटरपैकी २.४ मीटर माल, म्हणजे ४० टक्के जागा मालाला आणि ६० टक्के रस्त्याला. रीच ट्रकमध्ये काटे पुढे-मागे सरकतात, त्यामुळे २.८ मीटरच्या आसपास गल्ली पुरते आणि मालाचा वाटा ४६ टक्क्यांवर जातो. अगदी अरुंद गल्लीसाठी बनवलेली, न वळता बाजूला काटे फिरवणारी व्हीएनए मशीन १.८ मीटरमध्ये काम करते. तिथे मालाला ५७ टक्के मिळतात. यात अजून माल उतरवायची मोकळी जागा धरलेली नाही. रॅक तोच, पॅलेट तोच. फरक पडला तो फक्त गाडीमुळे.

म्हणून आधी रॅक घ्यायचे आणि मग फोर्कलिफ्ट बघायची, हा क्रम उलटा आहे. तो सर्रास पाळला जातो, आणि मग अशी वेळ येते की रॅक बोल्टने ठोकून झालेले असतात आणि भाड्याने आणलेली गाडी गल्लीत दोन वेळा मागे-पुढे केल्याशिवाय वळत नाही. प्रत्येक वेळी खांबाला थोडा थोडा धक्का लागत राहतो.

मग सगळ्यांनी रीच ट्रकच का घेऊ नये? कारण त्याची चाकं लहान असतात आणि तो गुळगुळीत जमिनीसाठी बनवलेला असतो. शेडच्या बाहेर, खड्ड्यांच्या अंगणात, उतारावर, पावसात तो नेता येत नाही. ट्रकमधून माल उतरवायला दुसरी गाडी लागतेच. दोन गाड्या, दोन ऑपरेटर, दोन देखभाली. दिवसाला पाच-सहा ट्रक येणाऱ्या गाळ्याला हे परवडत नाही. व्हीएनएची तर आणखी एक अट असते. जमीन जवळजवळ आरशासारखी सपाट हवी. दोन चाकांमध्ये एक मीटर अंतर असेल आणि त्यांच्या पातळीत फक्त तीन मिलिमीटरचा फरक असेल, तर दहा मीटर उंचीवर काटे तीन सेंटिमीटर बाजूला गेलेले असतात. कारखान्यासाठी काही दशकांपूर्वी ओतलेल्या फरशीवर असली मशीन चालवणं हा वेडेपणा ठरेल.

उंचीचंही तसंच. पॅलेटसकट माल दीड मीटर उंच आणि एका पातळीला पावणेदोन मीटर धरले, तर सहा मीटरच्या जुन्या शेडमध्ये जमिनीसकट तीन पातळ्या बसतात. भिवंडी किंवा पनवेलकडे उभ्या राहिलेल्या १२ मीटर उंचीच्या नव्या गोदामांत सहा. तिकडचं भाडं आणि इकडचं भाडं चौरस फुटावर ताडून पाहणारे हा फरक विसरतात. वर अग्निशमनाचे स्प्रिंकलर असतील तर त्यांच्याखाली, प्रकारानुसार, साधारण अर्धा ते एक मीटर मोकळा सोडावा लागतो. ती जागा "वाया" जात नाही. कारखान्यांच्या मोठ्या आगी पाहिलेल्या या पट्ट्यात तरी हे वेगळं सांगायला नको.

गल्ल्याच काढून टाकल्या तर?

हाही मार्ग आहे. ड्राइव्ह-इन रॅकमध्ये मधले बीम नसतात. फोर्कलिफ्ट थेट रॅकच्या पोटात शिरते आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर पॅलेट ठेवत मागे येते. एकामागे एक सहा पॅलेट, वर तीन पातळ्या, म्हणजे एका रांगेत १८ जागा. कागदावर हे आकडे फार देखणे दिसतात.

पण ज्या रांगेत एक माल ठेवला तिच्यात दुसरा ठेवता येत नाही, नाहीतर मागचा अडकतो. समजा एखाद्या मालाचे २० पॅलेट आले. पहिली रांग भरली, उरलेले दोन दुसऱ्या रांगेत गेले. दुसऱ्या रांगेतल्या १६ जागा रिकाम्या, तरी अडलेल्या. २० पॅलेटसाठी ३६ जागा गेल्या. असे बरेच प्रकार असतील तर "१,००० पॅलेटची क्षमता" असलेल्या गोदामात सहाशे पॅलेटलाच हात टेकावे लागतात. रॅकच्या कोटेशनमध्ये पहिला आकडा छापलेला असतो, दुसरा नसतो.

शिवाय ड्राइव्ह-इनमध्ये शेवटी आलेला माल आधी बाहेर पडतो. टाइल्सना त्याने फरक पडत नाही. औषधं, मसाले, सुकामेवा, बिस्किटं यांना पडतो, कारण त्यांच्यावर तारीख छापलेली असते. बाजार समितीच्या आसपास साठवल्या जाणाऱ्या मालात खाण्याचे पदार्थ किती आहेत हे पाहिलं, तर इथे ड्राइव्ह-इन सरसकट सुचवणाऱ्याला थांबवून दोन प्रश्न विचारायला हवेत. एका बाजूने माल भरून दुसऱ्या बाजूने काढता येईल अशी, उतारावर रोलर लावलेली पॅलेट फ्लो पद्धत यावर उपाय आहे. त्यात पहिला आलेला माल आपोआप पहिला पुढे सरकतो. पण ती महाग आहे आणि एखादा फळी तुटलेला लाकडी पॅलेट रोलरवर अडकला की अख्खी रांग बंद पडते.

शीतगृहांचं गणित मात्र उलटं आहे. तिथे रिकाम्या गल्लीतली हवाही वीज जाळून थंड करावी लागते. त्यामुळे दाट साठवण तिथे खरोखर पैसे वाचवते. रुळांवर सरकणारे मोबाइल रॅक याच कामासाठी असतात. पाच-सहा गल्ल्यांऐवजी एकच गल्ली, आणि हवी तिथे ती उघडायची. उघडायला वेळ लागतो, म्हणून दिवसाला कमी वेळा हलणाऱ्या मालालाच ते शोभतात. शून्याखालच्या तापमानात फोर्कलिफ्टची बॅटरीही लवकर उतरते, हे गाड्यांची संख्या ठरवताना धरावं लागतं.

पोस्टकार्डाएवढ्या पत्र्यावर दोन टन

फोर्कलिफ्टचा धक्का लागतो आणि अख्खं गोदाम पत्त्यांच्या बंगल्यासारखं कोसळतं, असे व्हिडिओ सोशल मीडियावर फिरत असतात. लोक हसण्याच्या इमोजी टाकतात. मे २०१६मध्ये इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात हिन्स्टॉक इथल्या गोदामात रॅक कोसळले आणि एक फोर्कलिफ्ट चालक टनावारी चीजखाली सुमारे आठ तास गाडला गेला. गाडीच्या पिंजऱ्यामुळे तो वाचला. ऑक्टोबर २०२०मध्ये ब्राझीलमधल्या साओ लुईस शहरात एका घाऊक सुपरमार्केटचे रॅक एकापाठोपाठ एक पडले. त्यात एका तरुण कर्मचारी महिलेचा जीव गेला.

असं होतं कारण रॅक उभं वजन पेलण्यासाठी बनवलेला असतो, आडवा धक्का खाण्यासाठी नाही. जमिनीवर एक आणि वर दोन पातळ्या, प्रत्येक पातळीत एका खणात दोन पॅलेट, प्रत्येकी एक टन. एका खणाचे चार टन बीमवर येतात. मधल्या चौकटीवर दोन्ही बाजूंच्या खणांचं अर्धं अर्धं वजन येतं, म्हणजे पुन्हा चार टन, आणि तिच्या दोन पायांवर प्रत्येकी दोन टन. हे दोन टन जमिनीला टेकतात ते जवळपास पोस्टकार्डाएवढ्या लोखंडी पत्र्यावर. सहा पातळ्यांच्या गोदामात हाच आकडा पाच टनांवर जातो. फरशी पातळ असेल तर ती आधी तडकते. खांब वाकलेला असेल तर खांब जातो. ड्राइव्ह-इनमध्ये समोरून खांबांना बांधून ठेवणारे बीमच नसतात आणि गाडी दिवसभर त्या खांबांमधूनच ये-जा करते, म्हणून तिथे ऑपरेटरचा हात सगळ्यात सफाईदार लागतो.

युरोपातल्या मानकानुसार मीटरभर लांबीची सरळ पट्टी खांबाला लावून पाहतात. वाक दिशेनुसार तीन ते पाच मिलिमीटरच्या आत असेल तर नजर ठेवायची, त्याहून जास्त असेल तर तो खण वापरातून काढायचा आणि मर्यादेच्या दुपटीवर गेला तर ताबडतोब रिकामा करायचा. पाच मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन-तीन नाणी. एवढा वाक लांबून दिसतसुद्धा नाही, म्हणून आठवड्याला कुणीतरी पट्टी घेऊन फिरावं लागतं. खांबाच्या पायाशी लोखंडी रक्षक बसवायला फार खर्च येत नाही. तरीही कोटेशनमधून सर्वांत आधी कापला जातो तो हाच.

बंद पडलेल्या कंपन्यांचे जुने रॅक स्वस्तात मिळतात आणि छोटे गाळेवाले तेच घेतात. त्यात गैर काही नाही, फक्त त्यांवर किती वजन ठेवायचं हे सांगणारी पाटी बहुधा नसते आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे खांब-बीम एकमेकांत जेमतेम बसवलेले असतात. फोर्कलिफ्टवर मात्र पाटी असते. ती वाचायची पद्धत नाही, हे वेगळं. दीड टनाची गाडी दीड टन उचलते ते वजनाचा मध्य काट्यांच्या पाठीपासून ५०० मिलिमीटरवर असेल तेव्हा. १,२०० मिलिमीटर खोल पॅलेटचा मध्य ६०० मिलिमीटरवर येतो, म्हणजे क्षमता तिथेच घटली. वरच्या पातळीवर ती आणखी घटते. तिसऱ्या पातळीवर दीड टन चढवताना मागची चाकं हलकी का झाली, याचं उत्तर त्या पाटीवर असतं.

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या. त्यांतली व्यावसायिक सुरक्षेची संहिता दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. गोदाम म्हणजे काही कारखाना नाही, असं म्हणून हात झटकायची जागा त्यामुळे बरीच कमी झाली आहे. तपासणी प्रत्यक्षात किती होईल, ही पुढची गोष्ट.

दारात पुन्हा हातच

रॅक कितीही आधुनिक आणले तरी भारतातला बराचसा माल ट्रकमध्ये पॅलेटशिवाय, सुट्ट्या खोक्यांत आणि गोण्यांत येतो. पॅलेट ट्रकमधली जागा खातो आणि गेलेला पॅलेट परत येईलच याची खात्री नसते. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे सोडलेल्या पॅलेटमधून भाड्याच्या पॅलेटचा मोठा धंदा उभा राहिला. आपल्याकडे तसे भाड्याचे पॅलेट मुख्यतः मोठ्या कंपन्यांच्या साखळ्यांत फिरतात. निर्यातीच्या मालाला आणखी एक नियम आहे. लाकडी पॅलेट ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून शिक्का मारलेला हवा. आत साठवणुकीला वापरलेला साधा पॅलेट कंटेनरमध्ये चालत नाही, म्हणजे पुन्हा माल उतरवून चढवा.

हे उतरवणं-चढवणं कोण करतं? कोपरखैरणे, घणसोली भागात माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. १९६९च्या माथाडी कायद्यामुळे हमालीच्या या कामाला मंडळ, नोंदणी, भविष्य निर्वाह निधी मिळाला. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून हे घडलं. पन्नास किलोंपेक्षा जड गोणी पाठीवर देऊ नका, हा माथाडींचा आग्रह आजही चालू आहे. फोर्कलिफ्ट आली की हे वजन पाठीवरून उतरतं, हे खरं. तिच्याबरोबर टोळीतले किती हात कमी होतात आणि यंत्राने केलेलं काम कुणाचं मानायचं, हा वादही येतो. वीस वर्षं पाठीवर गोणी वाहिलेल्या माणसाला फोर्कलिफ्ट चालवायचं प्रशिक्षण द्यावं, असं रॅकच्या कोटेशनमध्ये कुठे लिहिलेलं नसतं. ऑपरेटर बाहेरून येतो आणि टोळी दाराशी उभी राहते.

गाळेवाल्याच्या दृष्टीनेही दार हीच खरी अडचण असते. आतला रॅक तासाला चाळीस पॅलेट घेऊ शकत असेल, पण दारात सुटी खोकी हाताने पॅलेटवर रचून होतात तासाला दहाच, तर आतल्या महागड्या रॅकचा उपयोग काय? अशा ठिकाणी पैसा दारात घालावा. ट्रकच्या पाटाला जमीन समपातळीत आणणारा डॉक, माल रचायला प्रशस्त जागा आणि दोन चांगले हँड पॅलेट ट्रक.

बोनकोडेच्या आसपासच्या तीन-चार हजार फुटांच्या गाळ्यांना तर बहुतेक वेळा फोर्कलिफ्टच लागत नाही. मागे चालत चालवायचा बॅटरीवरचा स्टॅकर सव्वादोन ते अडीच मीटरच्या गल्लीत फिरतो आणि सहा मीटरच्या शेडमधली तिसरी पातळी गाठतो. धूर नाही, किंमत मोठ्या गाडीपेक्षा कितीतरी कमी, आणि गल्ली रीच ट्रकपेक्षाही अरुंद. तो हळू चालतो, एवढंच. दिवसाला पन्नास-साठ पॅलेट हलवायचे असतील तर तेवढा वेग पुरतो.

त्यापुढचं गणित कुणालाही वहीत करता येतं. महिनाभर रोज किती पॅलेट आत आले, किती बाहेर गेले, किती प्रकारचा माल होता आणि एकेका प्रकारचे जास्तीत जास्त किती पॅलेट एकाच वेळी होते, हे चार रकाने. रॅकवाला येण्याआधी ती वही तयार असेल, तर तो १,००० पॅलेटचा आकडा सांगेल तेव्हा त्याला विचारता येईल की यातल्या २० पॅलेटच्या मालासाठी किती जागा अडतील.